सर्व्हर मध्येच अडकतो? किती सेकंद अडकतो ते आधी मोजा

सर्व्हर पूर्ण बंद पडला तर काम सोपं असतं. जे बंद आहे ते सापडतं आणि दुरुस्त होतं. डोकं खातो तो दुसरा प्रकार. दहा वेळा साइट पटकन उघडते, अकराव्यांदा चक्र फिरत राहतं, पान रिफ्रेश केलं की पुन्हा सगळं नीट. तक्रार करणारा म्हणतो, "आत्ताच बंद होतं." तुम्ही बघता तर डॅशबोर्डवर सगळं हिरवं. अशा वेळी बरेच जण सर्व्हर रीस्टार्ट करून मोकळे होतात. तासभर बरं चालतं, कारण भरलेल्या रांगा आणि टेबलं रिकामी झालेली असतात. मग पुन्हा तेच, आणि दरम्यान पुरावा मात्र पुसला गेलेला.

या बिघाडात सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे वेळ. लिनक्समधला प्रत्येक थर ठरलेल्या सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो किंवा नाद सोडतो. "कधीकधी स्लो होतं" या तक्रारीचं "जोडणी व्हायला नेमका १ सेकंद जास्त लागतो" असं वाक्य झालं की शोधायची जागा एकदम लहान होते. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी घड्याळ लावा.

(कमांड, पर्याय आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत द्यायची. वेगळं सांगितलं नसेल तिथे अक्षरं छोट्या लिपीतली समजा.)

घड्याळ लावणं

बाहेरच्या एका मशीनवरून, म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्कमध्ये नसलेल्या मशीनवरून, दर ५ सेकंदांनी कर्ल (टर्मिनलवरून वेब पान मागवणारी कमांड) चालवणारा छोटा लूप सुरू ठेवा. कर्लच्या -डब्ल्यू पर्यायाने या पाच टप्प्यांच्या वेळा छापता येतात: टाइम_नेमलुकअप, टाइम_कनेक्ट, टाइम_अ‍ॅपकनेक्ट, टाइम_स्टार्टट्रान्सफर आणि टाइम_टोटल. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला डेट कमांडने वेळ छापा आणि सगळं फाइलमध्ये जाऊ द्या. हे आकडे सुरुवातीपासून मोजलेले असतात, टप्प्याटप्प्याचे नसतात. त्यामुळे एका टप्प्याला किती वेळ लागला ते कळायला मागचा आकडा वजा करावा लागतो.

फाइलमध्ये साधारण अशा ओळी दिसतात (पहिले चार आकडे):

१४:०२:१० — ०.००४ — ०.०३१ — ०.०९५ — ०.१४०
१४:०२:१५ — ०.००४ — १.०३३ — १.०९७ — १.१४२
१४:०२:२५ — ५.००९ — ५.०३६ — ५.१०० — ५.१४६

पहिली ओळ निरोगी आहे. दुसरीत नाव लगेच सापडलं, पण जोडणी व्हायला १.०२९ सेकंद लागले. म्हणजे पहिलं सिन पॅकेट (जोडणी मागणारं पॅकेट), नाहीतर त्याचं उत्तर, कुठेतरी गळालं आणि १ सेकंदाने ते पुन्हा पाठवावं लागलं. तिसरीत जोडणी ठीक आहे, अख्खे ५ सेकंद नाव शोधण्यात गेले. तो डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा घोळ. दोन्ही ओळींवर वापरणाऱ्याची तक्रार एकच असते, "साइट अडकली". कारणांचा मात्र एकमेकांशी काही संबंध नाही.

ओळखीचे आकडे असे. सिन हरवलं तर १, ३, ७, १५ सेकंद असा दुपटीचा चढ दिसतो. लिनक्स कर्नल ६.५ पासून पहिले काही प्रयत्न सरळ १-१ सेकंदाने होतात, त्यामुळे नव्या क्लायंटवर १, २, ३, ४, ५ असाही क्रम दिसेल. तिथला ५ आणि डीएनएसचा ५ यांची गल्लत करू नका, आकडा कुठल्या रकान्यात वाढला ते बघा. जोडलेल्या कनेक्शनमध्ये एखादं पॅकेट हरवलं तर पुन्हा पाठवायला किमान ०.२ सेकंद लागतात. मोडक्या आयपीव्ही६ वरून आयपीव्ही४ वर यायलाही कर्ल ०.२ सेकंदच थांबतो, म्हणून तो आकडा दिसला तर -४ आणि -६ देऊन वेगवेगळं तपासा. बरोबर ६० सेकंदांनी ५०४ येत असेल तर नेटवर्कच्या मागे लागू नका. एनजिनएक्सची (वेब सर्व्हर प्रोग्रॅम) मागच्या प्रोसेसची वाट बघण्याची डीफॉल्ट मर्यादा तेवढीच आहे. १० मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल तर फेल२बॅन (चुकीच्या लॉगिनवरून आयपी बंद करणारा प्रोग्रॅम). ते पुढे येईलच.

आणखी एक पूर्वतयारी: सर्व्हर आणि तपासणीचं मशीन, दोघांची घड्याळं जुळलेली हवीत. क्रोनीसी ट्रॅकिंग चालवून फरक बघा. दोन लॉगमध्ये ४० सेकंदांचं अंतर असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचतं का?

सिन हरवतं एवढं कळलं, की ते दाराबाहेर हरवतं की दाराच्या आत, एवढंच ठरवायचं. त्यासाठी टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं टिपून ठेवणारा प्रोग्रॅम. सर्व्हरवर तो फिरत्या फाइलींत लावून ठेवा: -आय ईटीएच० -एनएन -एस १२८, मोठ्या लिपीतला सी १००, मोठ्या लिपीतला डब्ल्यू २०, छोट्या लिपीतला डब्ल्यू आणि फाइलचं नाव, शेवटी पोर्ट ४४३. म्हणजे साधारण १०० एमबीच्या २० फाइली, जुनी पुसून नवी, २ जीबीच्या वर डिस्क खात नाही. इथे एक खड्डा आहे. अनेक डिस्ट्रोवर टीसीपीडम्प पहिली फाइल उघडल्यावर रूटचे अधिकार सोडून देतो आणि दुसरी फाइल उघडताना परवानगी नाही म्हणून थांबतो. रात्री लावून सकाळी बघावं तर एकच फाइल. मोठ्या लिपीतला झेड आणि रूट हा पर्याय दिला की हे होत नाही.

आता १४:०२:१५ च्या त्या ओळीची वेळ धरून कॅप्चरमध्ये क्लायंटचा आयपी शोधा. टीसीपीडम्प येणारी पॅकेटं सर्व्हरच्या आयपीटेबल्सच्या (फायरवॉलच्या) आधी बघतो, म्हणून निकाल स्पष्ट मिळतो. पहिलं सिन दिसतच नाही: बिघाड बाहेर आहे, केबल, स्विच, लोड बॅलन्सर, पुरवठादार यांपैकी कुठेतरी. सिन दिसतं पण त्याला होकार देणारं सिन-अ‍ॅक जात नाही: सर्व्हरनेच ते टाकून दिलं. सिन-अ‍ॅक गेलं पण क्लायंटला मिळालं नाही: परतीचा रस्ता. तीन शक्यता, आणि पुढचे तीन रस्ते पूर्ण वेगळे.

सर्व्हरनेच टाकून दिलं

सर्वाधिक वेळा गाडी इथेच येऊन थांबते, म्हणून इथे जरा रेंगाळू.

आधी डीमेसग -मोठा टी (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) चालवा आणि त्यात एनएफ_कॉनट्रॅक हा शब्द शोधा. "टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट" अशी ओळ दिसली तर चोर सापडला. फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद कॉनट्रॅक नावाच्या एका टेबलात ठेवते. ते भरलं की नव्या जोडणीचं पॅकेट गुपचूप टाकलं जातं, जुन्या जोडण्या मात्र व्यवस्थित चालू राहतात. म्हणूनच तुमचं एसएसएच सेशन ठणठणीत असतं आणि नव्या ग्राहकाला साइट उघडत नाही. /प्रॉक/सिस/नेट/नेटफिल्टर/ मधल्या एनएफ_कॉनट्रॅक_काउंट आणि एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्स या दोन फाइली कॅट करून शेजारी ठेवा. काउंट मॅक्सच्या ८० टक्क्यांवर असेल तर गर्दीच्या वेळी भरणारच.

नुसता मॅक्स वाढवणं हे अर्धं औषध. चालू टीसीपी जोडणीची नोंद डीफॉल्टने ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस ठेवली जाते. मोबाइल बोगद्यात गेला, लॅपटॉप मिटला, अशा मेलेल्या जोडण्यांच्या नोंदी ५ दिवस जागा अडवून बसतात. वेब सर्व्हरला एवढी मुदत लागत नाही. एनएफ_कॉनट्रॅक_टीसीपी_टाइमआउट_एस्टॅब्लिश्ड ८६,४०० वर आणला तरी मोठा फरक पडतो. तुमच्याकडे वेबसॉकेटसारख्या दीर्घकाळ गप्प बसणाऱ्या जोडण्या असतील तर आणखी खाली जाण्याआधी विचार करा. आणि "आम्ही फायरवॉल लावलीच नाही" असं म्हणायची घाई नको. डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) आला की कॉनट्रॅकही येतो.

डीमेसग स्वच्छ असेल तर दुसरा संशयित म्हणजे लिसन रांग. कर्नलने जोडणी पूर्ण केली, पण एनजिनएक्सने किंवा अपाचीने ती अजून उचललेली नाही, अशा जोडण्या या रांगेत थांबतात. एसएस -एलएनटी चालवा आणि ४४३ ची ओळ वाचा. लिसन अवस्थेतल्या ओळीत रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता थांबलेल्या जोडण्या आणि सेंड-क्यू म्हणजे रांगेची कमाल लांबी. इतर ओळींत याच रकान्यांचा अर्थ बाइट्स असा असतो, त्यामुळे भलेभले इथे चकतात. निरोगी सर्व्हरवर पहिला आकडा जवळजवळ नेहमी ० असतो. ५१२ आणि ५११ असं दिसलं तर रांग दाराबाहेर गेली आहे.

तुम्ही कमांड दिली त्या क्षणी रांग भरलेली नसेलच, म्हणून मोजणारे आकडे बघा: एनस्टॅट -एझेड, आणि त्यात लिसनओव्हरफ्लोज व लिसनड्रॉप्स. १० मिनिटांनी पुन्हा बघा. आकडा वाढला तर त्या दहा मिनिटांत लोकांना परत पाठवलं गेलं. या बिघाडाचं रूप फसवं असतं. रांग भरल्यावर लिनक्स जोडणी पक्की करणाऱ्या हातमिळवणीचं शेवटचं अ‍ॅक टाकून देतो. क्लायंटला वाटतं जोडणी झाली, तो विनंती पाठवतो आणि उत्तर येत नाही. म्हणून कर्लमध्ये कधी कनेक्टचा आकडा वाढतो, कधी त्याच्या पुढचा.

रांगेची लांबी दोन आकड्यांपैकी लहान असलेला ठरवतो: प्रोग्रॅमने मागितलेला बॅकलॉग (एनजिनएक्स आणि अपाची दोघेही लिनक्सवर ५११ मागतात) आणि नेट.कोअर.सोमॅक्सकॉन. हा दुसरा कर्नल ५.४ च्या आधी १२८ होता, त्यानंतर ४०९६. जुन्या सर्व्हरवर एनजिनएक्सने ५११ मागूनही १२८ च मिळतात. दोन्ही वाढवल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करा, कारण रांगेची लांबी लिसन होताना ठरते. पण रांग वाढवणं म्हणजे दवाखान्यात जास्त खुर्च्या मांडणं. डॉक्टर एकच असेल तर पेशंट आत लवकर जात नाही. रांग का भरली ते बघायला पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपीचा कोड चालवणाऱ्या प्रोसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगकडे वळा. तिथे मॅक्स_चिल्ड्रन मर्यादा गाठल्याची इशारा देणारी ओळ असेल, आणि कंसातला आकडा ५ असेल, तर सोबत आलेलं कॉन्फिग कोणी बदललेलंच नाही. एका प्रोसेसला सरासरी किती मेमरी लागते ते पीएसने मोजा आणि पीएचपीला देता येईल तेवढ्या मेमरीला त्याने भागा. ४ जीबी मोकळी आणि प्रोसेसला ८० एमबी, तर ५० च्या आसपास. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये युनिक्स सॉकेटच्या नावापुढे ११ नंबरची एरर दिसत असेल तर तीही याच रोगाची खूण.

तिसरा संशयित म्हणजे कोणीतरी जुन्या सल्ल्यावरून चालू केलेलं टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल. २०१७ साली कर्नल ४.१२ मधून हे सेटिंग काढूनच टाकलं, पण सेंटओएस ७ चं कर्नल ३.१० आहे आणि असे सर्व्हर अजून चालू आहेत. हे सेटिंग एका आयपीवरून येणाऱ्या पॅकेटांची टाइमस्टॅम्प चढती असावी अशी अपेक्षा धरतं. एका नॅटमागे (अनेक मशीनना एकच बाहेरचा आयपी देणारी व्यवस्था) शंभर मोबाइल असले की प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, मग ज्याचा आकडा मागे त्याचं सिन टाकलं जातं. घरून एकट्याने तपासलं तर कधीच बिघडत नाही, मोबाइल डेटावर आणि मोठ्या ऑफिसांत बिघडतं. नेटस्टॅट -एसच्या आउटपुटमध्ये टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेल्या जोडण्यांची ओळ वाढत असेल तर हे सेटिंग ० करा. ते चालू ठेवण्याचं एकही योग्य कारण नाही.

फेल२बॅन याहून साधा. डीफॉल्टने १० मिनिटांत ५ चुका झाल्या की तो आयपी १० मिनिटं बंद. ऑफिसात एकाच्या मेल क्लायंटमध्ये जुना पासवर्ड राहिला की अख्खं ऑफिस बाहेर. नियम सर्व पोर्टसाठी लावला असेल तर साइटही बंद. इथे पान अडकत नाही, "कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच येतं, कारण तो पॅकेट टाकत नाही, नकार पाठवतो. फेल२बॅन-क्लायंट स्टेटस आणि जेलचं नाव दिलं की बंदी घातलेल्या आयपींची यादी मिळते. ऑफिसचा स्थिर आयपी इग्नोरआयपीमध्ये टाका.

नाव शोधण्यात गेलेले ५ सेकंद

बाहेरून कर्ल करताना ५ सेकंद दिसले तर तो तपासणीच्या मशीनचा डीएनएस असू शकतो. पण बरेचदा हा आकडा उलट बाजूला लपलेला असतो. पानाचा कोड पेमेंट गेटवेला किंवा दुसऱ्या एपीआयला हाक मारतो, त्यासाठी सर्व्हर नाव शोधतो, आणि ग्राहकाला पान ५ सेकंद उशिरा मिळतं. बाहेरून तो वेळ स्टार्टट्रान्सफरमध्ये दिसतो. म्हणून तीच कर्ल सर्व्हरवरून त्या एपीआयकडे लावून बघा.

५ हा जीलिबसी रिझॉल्व्हरचा डीफॉल्ट टाइमआउट आहे. /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मधला पहिला नेमसर्व्हर मेला असेल तर प्रत्येक शोध ५ सेकंद थांबून दुसऱ्याकडे जातो. डिगला अ‍ॅटच्या चिन्हापुढे एकेका नेमसर्व्हरचा आयपी देऊन प्रत्येकाला ५० वेळा विचारा. एकदाच विचारून "चालतो" म्हणू नका. तात्पुरता उतारा म्हणून ऑप्शन्सच्या ओळीत टाइमआउट:१ आणि अटेम्प्ट्स:२ टाका. फाइल १२७.०.०.५३ कडे बोट दाखवत असेल तर ती सिस्टमडी-रिझॉल्व्हडची आहे. तिथे हाताने लिहिलेलं पुसलं जाईल, रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस बघून मूळ ठिकाणी बदल करा.

नेमसर्व्हर सगळे निरोगी आणि तरीही अधूनमधून ५ सेकंद? मग ए (आयपीव्ही४ पत्ता) आणि एएएए (आयपीव्ही६ पत्ता) हे दोन प्रश्न एकाच सॉकेटवरून एकाच क्षणी जातात, नॅटच्या टेबलात दोघांची नोंद एकमेकांवर आदळते आणि एक प्रश्न गळतो. कंटेनरमध्ये हे जास्त दिसतं. कॉनट्रॅक -मोठा एसमध्ये इन्सर्ट_फेल्ड वाढतो का बघा. ऑप्शन्समध्ये सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन टाकल्यावर दोन्ही प्रश्न वेगळ्या सॉकेटवरून जातात. अल्पाइनच्या इमेजमध्ये जीलिबसी नसते, तिथे हा पर्याय चालत नाही. सर्व्हरवरच कॅश करणारा छोटा डीएनएस ठेवला तर दोन्हीकडे काम होतं.

डीएनएसचा आणखी एक प्रकार सेकंदांत नाही, माणसांत मोजायचा. निम्म्यांनाच त्रास होत असेल तर डोमेनच्या ए नोंदी मोजा. दोन असतील आणि एक जुन्या, बंद केलेल्या सर्व्हरची असेल तर आणखी काही शोधू नका. आणि त्रास फक्त मोबाइलवाल्यांना असेल तर एएएए नोंद बघा. जिओसारख्या नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास चालतं. सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता नोंदवला आहे पण फायरवॉलमध्ये ४४३ फक्त आयपीव्ही४ साठी उघडा आहे, अशी स्थिती असली की ऑफिसच्या ब्रॉडबँडवर सगळं झक्कास आणि फोनवर अडखळत.

पिंग चालतो, मोठं पान अडकतं

एसएसएच लॉगिन होतं, पण एलएस -एलने मोठी यादी आली की पडदा गोठतो. छोटी पानं उघडतात, मोठी अर्ध्यात थांबतात. काहींनाच होतं, पण ज्यांना होतं त्यांना दर वेळी. हे एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं लक्षण. वाटेत कुठेतरी १५०० बाइटपेक्षा अरुंद रस्ता आहे (पीपीपीओई ब्रॉडबँडवर १४९२, व्हीपीएनसारख्या बोगद्यांमध्ये आणखी कमी) आणि "पॅकेट मोठं आहे" हा आयसीएमपी निरोप कोणीतरी फायरवॉलमध्ये अडवला आहे. आयसीएमपी सरसकट बंद करणं ही सुरक्षा नव्हे, हा बिघाड त्यातूनच येतो.

पिंग -मोठा एम डू -एस १४७२ आणि समोरचा पत्ता. १४७२ मध्ये २८ बाइट हेडर मिळवले की १५०० होतात. उत्तर आलं नाही तर १४६४, १४२२, १३७२ असं खाली या. ज्या आकड्याला उत्तर येऊ लागतं त्यात २८ मिळवा, तो खरा एमटीयू. उपाय पसंतीच्या क्रमाने: आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४ मोकळा करा, तो तुमच्या हातात नसेल तर सर्व्हरवर नेट.आयपीव्ही४.टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग १ करा. सर्व्हरच राउटर किंवा व्हीपीएनचं टोक असेल तर एमएसएस क्लॅम्प (जोडणी होतानाच पॅकेटचा आकार मर्यादित करणारा नियम) लावा. क्लाउडमध्ये डॉकर चालवत असाल तर यजमान मशीनचा एमटीयू आणि डॉकरच्या ब्रिजचा एमटीयू शेजारी ठेवून बघा. यजमानाचा १४५० किंवा १४६० आणि ब्रिजचा १५०० ही जोडी नेहमीची.

थोडं गप्प बसल्यावर तुटतं

लोड बॅलन्सर आणि नॅट गप्प बसलेल्या जोडण्या विसरतात. एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेवर ३५० सेकंद, अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरवर डीफॉल्ट ६०, अझुरच्या लोड बॅलन्सरवर ४ मिनिटं. लिनक्स मात्र पहिला कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते विचारणारं पॅकेट) ७२०० सेकंदांनी पाठवतो, तोही प्रोग्रॅमने मागितला तरच. डेटाबेसकडे जाणारा कनेक्शन पूल रात्री गप्प असतो आणि सकाळची पहिली विनंती मेलेल्या जोडणीवर जाते. टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम २०० च्या आसपास आणा आणि क्लायंट लायब्ररीत कीपअलाइव्ह चालू आहे याची खात्री करा.

लोड बॅलन्सरमागचे तुरळक ५०२ हे याच दुखण्याचं उलटं रूप. बॅलन्सर ६० सेकंद जोडणी धरून ठेवतो, मागचा अपाची ५ सेकंदांनीच बंद करतो. बरोबर त्या क्षणी विनंती आली तर ५०२. मागच्या सर्व्हरचा कीपअलाइव्ह टाइमआउट बॅलन्सरपेक्षा जास्त हवा, ६० ला ७५ पुरे. एनजिनएक्सचा डीफॉल्ट ७५ च आहे, म्हणून हा त्रास अपाची आणि नोड.जेएस वापरणाऱ्यांना जास्त.

सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांत एक हिशेब करून ठेवा. स्थानिक पोर्टांची डीफॉल्ट रेंज ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट. बंद केलेली जोडणी टाइम-वेट या अवस्थेत ६० सेकंद पोर्ट अडवते. भागाकार केला की एकाच मागच्या पत्त्याकडे सेकंदाला साधारण ४७० नव्या जोडण्या, त्याच्या पुढे "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस". गर्दीच्या वेळीच ही एरर येत असेल तर एनजिनएक्सच्या अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये कीपअलाइव्ह चालू करा. सोबत प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१ आणि रिकामा कनेक्शन हेडरही सांगून ठेवा. रेंज वाढवणं हा दुय्यम उपाय.

सिन पोचलंच नाही

स्वतःचं लोखंड (प्रत्यक्ष मशीन) असेल तर इथटूल ईटीएच० बघा. गिगाबिट कार्ड १०० एमबीवर जोडलेलं दिसलं तर केबलवर संशय घ्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एक जोडी क्रिंपिंगमध्ये सैल असली की लिंक कधी १००० वर येते, पडते, १०० वर जाते. /सिस/क्लास/नेट/ईटीएच०/कॅरिअर_चेंजेस हा आकडा लिंक एकूण किती वेळा पडली आणि परत आली ते सांगतो. बूटनंतर तो शेकड्यात असेल तर आधी केबल बदला, मग स्विचचं पोर्ट. हाफ डुप्लेक्स दिसलं तर एका बाजूला वेग हाताने ठरवलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला ऑटो. दोन्ही ऑटो करा.

आयपी -एस -एस लिंकमध्ये सीआरसी वाढत असेल तर केबल किंवा ट्रान्सीव्हर, मिस्ड वाढत असेल तर कार्डाचा रिंग बफर अपुरा. इथटूल -छोटा जीने सध्याचा आणि कमाल आकडा बघा, -मोठा जीने वाढवा. वाढवताना बहुतेक कार्डांची लिंक क्षणभर पडते, भर दुपारी करू नका.

एकाच आयपीवर दोन मशीन असतील तर बिघाड अगदी लहरी वाटतो. त्याच लॅनमधल्या दुसऱ्या मशीनवरून आर्पिंग करा. उत्तरात दोन वेगळे मॅक (कार्डाचे पत्ते) दिसले तर संपलं. क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनवर हे हमखास होतं, कारण /ईटीसी/मशीन-आयडी तोच राहतो, सिस्टमडी-नेटवर्कडी त्यावरूनच डीएचसीपीला ओळख सांगतो आणि दोघांना एकच पत्ता मिळतो. क्लोनवरची ती फाइल रिकामी करून मशीन रीबूट करा, नवी ओळख तयार होते.

रस्ता बघायला एमटीआर (वाटेतला प्रत्येक राउटर आणि तिथली पॅकेटगळती दाखवणारी कमांड), पण टीसीपी आणि पोर्ट ४४३ देऊन, किमान १०० फेऱ्या, आणि दोन्ही दिशांनी. मधल्या एखाद्या टप्प्यावर ६० टक्के लॉस आणि पुढच्या सगळ्यांवर ० असेल तर तो राउटर फक्त उत्तरं द्यायला आळशी आहे, पॅकेट पुढे नीट जातात. लॉस एका टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकला तरच तक्रार करा. तक्रारीत तो अहवाल, वेळ आणि दोन्ही टोकांचं कॅप्चर जोडा, म्हणजे "आमच्याकडून सगळं ठीक आहे" हे ठरावीक उत्तर सहज देता येत नाही.

व्हर्च्युअल मशीनवर व्हीएमस्टॅट १ मधला एसटी (यजमानाने दुसऱ्यांना दिलेला सीपीयू वेळ) रकानाही बघा. तो अधूनमधून दोन आकडी होत असेल तर तुमचं मशीन काही क्षण सीपीयूसाठी ताटकळतं आहे आणि नेटवर्क निर्दोष आहे. पाच मिनिटांच्या सरासरीच्या आलेखात असे दोन सेकंद दिसत नाहीत.

बदल करताना

एका वेळी एकच बदल, आणि कर्लचा लूप चालूच. दूरच्या सर्व्हरवर फायरवॉल किंवा कार्डाच्या सेटिंगला हात लावण्याआधी शटडाउन -आर +१० देऊन ठेवा. बदल कायमच्या फाइलीत न लिहिता नुसता चालू सिस्टमवर करा. बाहेर अडकलात तर १० मिनिटांनी सर्व्हर जुन्या सेटिंगसह परत येईल, सगळं ठीक असेल तर शटडाउन -सीने रद्द करा. उबुंटूवर नेटप्लॅन ट्रायही आहे, १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर तो बदल मागे घेतो.

खात्री पटली की आकडे /ईटीसी/सिस्कटीएल.डी/ मध्ये लिहा. कॉनट्रॅकचे आकडे लिहिताना एक जास्तीची ओळ लागते. बूटच्या वेळी सिस्कटीएल आधी चालतं आणि एनएफ_कॉनट्रॅक मॉड्यूल नंतर येतं, म्हणून तुमचे आकडे गुपचूप दुर्लक्षित होतात आणि दोन महिन्यांनी, पहिल्याच रीबूटनंतर, तोच बिघाड परत येतो. /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी/ मध्ये एका फाइलीत एनएफ_कॉनट्रॅक एवढंच लिहा, गर्दी नसलेल्या वेळी एकदा रीबूट करा आणि एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्स पुन्हा कॅट करून बघा.